कथेतल्या गुरूला मारलंच पाहिजे का?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. एक लांबलचक कथा लिहायला घेतलीये (कादंबरी म्हणायची अजून हिंमत होत नाही). रेवा नावाची पोरगी आहे, तिला पाण्याखाली काम करणारी डायव्हर व्हायचंय, म्हणजे रंगीत मासे बघणारी हौशी नाही, तर बुडालेल्या जहाजाचं लोखंड कापायचं, धक्क्याच्या खांबांना पाण्याखाली वेल्डिंग करायचं असलं अंगमेहनतीचं काम. आणि तिला शिकवणारे तात्या. एकेकाळचे नावाजलेले डायव्हर, आता उतरत नाहीत. मितभाषी माणूस म्हणून सुरुवात केली होती पण दर दोन पानांनी काहीतरी सुविचार सोडतातच, मलाच आवरत नाहीत.

तर झालं असं की ओळखीतल्या काही जणांना कच्चा खर्डा वाचायला दिला आणि सगळ्यांचं एकच पालुपद, तात्या काय जबरदस्त उतरलेत! रेवाबद्दल विचारलं की "हो, ती पण छान आहे". अहो पण कथा रेवाची आहे ना. मग मी कथालेखनावरचे व्हिडिओ बघायला लागलो, तिथे सगळे एका सुरात सांगतायत की गुरूचं पात्र शेवटाच्या आधी मारायचंच, त्याशिवाय हिरो मोठा होत नाही, आणि मग स्टार वॉर्समधला ओबी-वान, हॅरी पॉटरमधला डंबलडोर ही नेहमीची यादी. मला तात्यांना मारायचं नाहीये. म्हातारा माणूस आहे, समुद्र आहे, मारणं अगदी सोप्पंय आणि म्हणूनच नकोसं वाटतंय. पण जिवंत ठेवले तर शेवटच्या प्रसंगात वाचक विचारणारच की एवढा जाणता माणूस वर बसलेला असताना ही नवखी पोरगी कशाला उतरतेय? ज्यांनी असं काही लिहिलंय किंवा ज्यांचं वाचन दांडगं आहे त्यांनी सांगा, गुरू जिवंतही राहील आणि मधे लुडबुडणारही नाही असं कसं जमवतात?

कोरा_कागद:

मारा हो. वाचक रडला नाही तर त्याच्या लक्षात काय राहणार.

शाईचा_डाग:

@कोरा_कागद, तुम्ही दर धाग्यावर कोणाला तरी मारायलाच सांगता 😀

@अर्धविराम, हे व्हिडिओवाले ज्यांच्या नावाने सांगत असतात त्यांनी मुळात काय म्हटलंय ते बघा. व्लादिमिर प्रॉप नावाच्या रशियन अभ्यासकाने १९२८ साली शंभर परीकथा घेऊन त्यांचे सांधे सुटे करून बघितले. त्याला ३१ प्रकारच्या घटना आणि ७ प्रकारची पात्रं सापडली, त्यातलं एक पात्र म्हणजे नायकाला जादूची वस्तू देणारा. आपण त्याला दाता म्हणू. आता हा दाता शहाणा, प्रेमळ, पांढऱ्या दाढीचा असलाच पाहिजे असं अजिबात नाही. बाबा यागा ही कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहणारी म्हातारी, माणसं खाणारी म्हणून बदनाम, तीसुद्धा दाता असते. पण ती फुकट काही देत नाही, आधी कामाला जुंपते, उलटेसुलटे प्रश्न विचारते, खायची धमकी देते, त्यात पोर टिकलं तर वस्तू त्याच्या हातात पडते. आणि मग बाई गोष्टीतून बाजूला. मरत नाही, तिचं काम झालं एवढंच.

पुढे जोसेफ कॅम्पबेलचं १९४९ चं पुस्तक, ज्याच्यामुळे हा नायकाचा प्रवास वगैरे सगळीकडे पसरला, त्यातही ही मदत अगदी सुरुवातीला येते, पहिला उंबरठा ओलांडायच्या आधी. मग क्रिस्टोफर व्होग्लरने १९९२ मध्ये तेच पटकथावाल्यांसाठी सोपं करून मांडलं. गुरू मेलाच पाहिजे ही अट या तिघांपैकी एकानेही घातलेली नाही. मला वाटतं लोक गाजलेले सिनेमे बघतात, त्यात म्हातारा मरतो, आणि मग ते नियम समजून वहीत उतरवून घेतात.

तुमची अडचण मला शेवटात नाही, सुरुवातीत दिसतेय. तात्या रेवाची परीक्षा घेतात का? की भेटल्या दिवसापासून नुसते देत सुटलेत? देणारा देतच राहिला तर वाचकाचं सगळं प्रेम त्याच्याच पदरात पडणार, कारण पानावर करणारा माणूस तोच आहे, घेणारी नुसती माना डोलावतेय.

अर्धविराम:

पहिल्याच प्रकरणात "तुझ्या डोळ्यात समुद्र दिसतो" म्हणून शिकवायला तयार होतात. हम्म. वाचतोय, येऊ द्या अजून.

वाचनवेडी:

तेवढं डोळ्यातल्या समुद्राचं वाक्य आधी काढा, हात जोडते.

बाकी दात्याची परीक्षा वगैरे पटलंच, पण मला कच आणि शुक्राचार्यांची गोष्ट आठवली. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते आणि ऐकून सोडून दिलेली असते, लिहिणाऱ्याच्या नजरेने परत वाचली की अक्षरशः थक्क व्हायला होतं. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या, युद्धात मेलेले असुर ते परत उठवतात, देवांकडे ती सोय नाही, म्हणून देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, त्यांच्याकडे शिष्य म्हणून पाठवतात. म्हणजे शिष्य मुळात मतलब घेऊन आलाय. आणि गुरूला हा कोणाचा मुलगा ते माहीत आहे, तरी तो ठेवून घेतो! असुर कचाला दोनदा मारतात, दोन्ही वेळा देवयानी बापाकडे रडते आणि शुक्राचार्य त्याला उठवतात, पण विद्या काही देत नाहीत. तिसऱ्या वेळी असुर त्याला जाळून राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता हाक मारली तर ओ येते ती यांच्याच पोटातून. कच बाहेर यायचा म्हणजे पोट फाटणार, नाही आला तर लेक जीव द्यायला बसलीये. तेव्हा कुठे शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात, तो पोट फाडून बाहेर येतो, आणि समोर मेलेला गुरू पडलाय.

इथे थांबून बघा. कच तिथून निघून जाऊ शकतो, विद्या मिळाली, शत्रूचा गुरू मेला, देवांच्या दृष्टीने याहून चांगलं काय? पण तो तीच विद्या वापरून गुरूला उठवतो. शिकलेल्या गोष्टीचा पहिला प्रयोग शिकवणाऱ्यावरच. कच कोण आहे हे त्या एका कृतीत कळतं, त्याच्याबद्दल कोणी एक वाक्य बोलायची गरज पडत नाही. आणि मरायचंच म्हणाल तर गुरू इथे मेलासुद्धा, पण शिष्याला मोकळं मैदान मिळावं म्हणून नाही, शिकवण्याची किंमत म्हणून मेला, आणि परत आला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाला लागून असलेला भाग पुढे आहे. देवयानी कचाला लग्नाचं विचारते, तो म्हणतो मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलोय, आपलं बहीणभावाचं नातं झालं. ती चिडून शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तर तो म्हणतो नको फळू दे, मी ज्याला शिकवेन त्याला तर फळेल. झाला की तुमचा गुरू तयार! सगळं येतं, शिकवू शकतो, पण स्वतः करू शकत नाही, आणि का करू शकत नाही याच्यामागे त्याची स्वतःची एक दुखरी गोष्ट आहे. तात्या आता का उतरत नाहीत याचं उत्तर "वय झालं" एवढंच असेल तर ते उत्तर नाही, ती सबब आहे.

अजून एक, गुरूला स्वतःला काहीतरी हवं असलं पाहिजे. द्रोणांचंच घ्या, द्रुपदाने भर दरबारात मैत्री नाकारली तो अपमान मनात घेऊन राजपुत्रांना शिकवायला बसले आणि गुरुदक्षिणा काय मागितली, तर द्रुपदाला धरून आणा. इतकी वर्षं शिकवलं त्यात विद्यादान किती आणि हिशोब चुकता करणं किती हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ते पात्र आजही चर्चेत आहे. तात्यांना काय हवंय?

मोरपीस२२:

+१ वाचनवेडी. पोटातल्या शिष्याचा प्रसंग कितीदा ऐकलाय पण "पहिला प्रयोग शिकवणाऱ्यावरच" हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घनदाट:

महाभारत आलं म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. पण ठीक आहे, मुद्दा चांगला आहे.

मला मात्र तो अर्धाच पटतो. गुरूवर काहीतरी बंधन घाला, शाप, म्हातारपण, मोडलेला पाय, प्रतिज्ञा, मग तो शेवटच्या प्रसंगात का नाही हा प्रश्न सुटतो, मान्य. कृष्णाने शस्त्र हातात धरणार नाही म्हटल्यामुळेच अर्जुनाला लढावं लागतं. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये जादूगार गँडाल्फला फ्रोडो ती सर्वशक्तिमान अंगठी देऊ करतो तेव्हा तो घ्यायला घाबरतो, कारण चांगलं करायच्या नादात आपणच सगळ्यात भयंकर होऊ हे त्याला ठाऊक आहे, ते बंधन तर शापापेक्षाही भारी, कारण ते त्याने स्वतःच ओळखून स्वतःला घातलंय. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण तुमचे वाचक जे म्हणाले त्याचं कारण हे नाहीये. तात्या प्रत्येक वेळी बरोबर असतात, हे कारण आहे. जो माणूस पानोपानी बरोबरच असतो तो जिवंत असो, मेलेला असो, व्हीलचेअरवर असो, गोष्ट त्याचीच होते, कारण बाकीच्यांना करायला एकच काम उरतं, त्याचं ऐकायला उशीर करणं. रेवा चुकते, तात्या म्हणाले होते तसंच होतं, रेवा शिकते. पुढच्या प्रकरणात परत तेच. खर्डा न वाचता सांगतोय, चूक असेल तर सांगा.

ओबी-वानचं नाव तुम्हीच घेतलंय तर त्याच्या मरण्यापेक्षा त्याचं खोटं बोलणं बघा. १९७७ च्या सिनेमात तो शिष्य असलेल्या पोराला सांगतो की तुझ्या बापाला व्हेडर या खलनायकाने मारलं. १९८० च्या भागात कळतं की व्हेडरच बाप आहे. आणि १९८३ मध्ये पोरगं जाब विचारतं तेव्हा मेलेला गुरू येऊन काय म्हणतो, तर एका दृष्टीने बघितलं तर मी सांगितलं ते खरंच होतं! त्यानंतर पोराला काय करायचंय ते गुरूला विचारून करता येत नाही, कारण गुरूचं म्हणणं आहे बापाला मार आणि पोराला वाटतं अजून काहीतरी शिल्लक आहे त्याच्यात. तिथे तो मोठा होतो. ओबी-वान पहिल्या भागात मेला तेव्हा नाही, तिसऱ्या भागात गुरू चूक निघाला तेव्हा.

भीष्मांचंही तेच. द्रौपदीने सभेत प्रश्न विचारला तेव्हा एवढा मोठा जाणता माणूस म्हणतो धर्माची गती सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. पुढे शरपंजरी पडल्यावर धर्मावर पर्वंच्या पर्वं बोलतात, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ती सभा असतेच. शहाणपण आणि त्याचं अपयश दोन्ही एकाच माणसात.

म्हणून माझा सल्ला, तात्यांना एका महत्त्वाच्या बाबतीत चूक ठरवा. फालतू बाबतीत नाही, जिवावरच्या.

शाईचा_डाग:

@घनदाट, सहमत, फक्त कृष्णाचं उदाहरण तुम्ही घाईत सोडलंत. प्रतिज्ञा आहे म्हणून तो लढत नाही एवढंच नाहीये तिथे. भीष्म समोर पांडवसेना कापत सुटलेत आणि अर्जुन हात राखून लढतोय, हे बघून कृष्ण रथातून उडी मारून स्वतःच भीष्मांवर धावून जातो, आणि अर्जुन मागून पळत येऊन त्याला धरतो, पायाला मिठी मारून थांबवतो, मी लढतो म्हणतो. म्हणजे बंधन आहे हे वाचकाला सांगून भागत नाही, ते तुटायच्या बेताला आलेलं दाखवावं लागतं, आणि ते वाचवायला शिष्याने पुढे यावं लागतं.

सायलेंट_मोड:

थोडं अवांतर होईल. तुमची शिष्या मुलगी आहे आणि गुरू परत एक म्हातारा पुरुषच. मी टीका करत नाहीये, पण बाई शहाणी असली तर गोष्टीत तिला काय काय करावं लागतं बघा. ओडिसी या ग्रीक महाकाव्यात नायकाच्या मुलाला, टेलेमॅकसला, वाट दाखवणारा, धीर देणारा जो घरचा जुना मित्र मेंटॉर, तो बहुतेक वेळा मेंटॉर नसतोच, अथेना देवी त्याचं रूप घेऊन आलेली असते. योगवासिष्ठात चूडाला राणी आहे, तिला ज्ञान होतं पण नवरा, राजा शिखिध्वज, तिचं ऐकून घ्यायला तयार नाही, हसण्यावारी नेतो. मग तो राज्य सोडून जंगलात तप करायला जातो आणि ही कुंभ नावाच्या ब्राह्मण तरुणाचं रूप घेऊन त्याच्याकडे जाते, तर तेच ज्ञान तो हात जोडून ऐकतो! बायकोकडून नको, परक्या पोराकडून चालेल.

वेष न बदलता बोलणारी एक आहे, विदुला. उद्योगपर्वात कुंती तिची गोष्ट सांगते. सिंधुराजाकडून हरून घरी येऊन पडलेल्या मुलाला ती असलं काही सुनावते की आजही वाचताना कानशिलं तापतात. कुठे मायेचा हात नाही, कुठे सुविचार नाही. मला नेहमी वाटतं की ती त्याला शिकवत नाहीये, तिला स्वतःलाच या हरलेल्या घरात राहणं असह्य झालंय, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. तात्यांच्या जागी बाई घ्या असं नाही म्हणत, पण तात्यांनी एकदा तरी रेवावर स्वतःसाठी चिडावं, तिच्या भल्यासाठी नाही.

कोरा_कागद:

एवढ्या गुरूंपैकी किती जण मेले ते मोजा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

दोरखंड:

इथे सगळे साहित्यातले लोक दिसतायत, मी पाण्याचं सांगतो, कारण मी काही काळ डायव्हर लोकांचा दोर वरून सांभाळायचं काम केलंय. स्वतः खोल फारसा उतरलेलो नाही.

तात्या का उतरत नाहीत याची कारणं या धंद्यात भरपूर आहेत, शाप वगैरे लागत नाही. खोल पाण्यात दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो, वर येताना हळूहळू टप्प्याटप्प्याने थांबत यायचं असतं म्हणजे तो निघून जातो, घाई केली तर अंगातल्या अंगात त्याचे बुडबुडे होतात, याला बेंड्स म्हणतात. सांधे असे दुखतात की माणूस वाकडा होतो, कधी पाठीच्या कण्यावर जातं आणि पाय लुळे पडतात. आणि वर्षानुवर्षं खोल कामं केलेल्यांमध्ये खांद्याच्या नाहीतर खुब्याच्या हाडाला रक्त न पोचून हाड आतून मरत जातं, असेही असतात. अशा माणसाला डॉक्टर परत खाली सोडत नाहीत. तेव्हा तात्यांचा खांदा गेलेला दाखवा. हात डोक्याच्या वर जात नाही एवढं एकदा दाखवलं की पुरे, आजाराचं लेक्चर नको. आणि तो खांदा कसा गेला ते मात्र तुम्हाला माहीत हवं. घाईत वर आले होते का, कोणाला खाली सोडून आले होते का, ते तुम्ही ठरवा.

दुसरं म्हणजे तुम्ही तात्यांना काठावर "बसवलंय", पण या कामात वरचा माणूस बसलेला नसतोच. डायव्हरची हवेची नळी आणि दोर त्याच्या हातात असतो, ढील किती द्यायची, ताण किती ठेवायचा हे सतत चालू असतं. बोलायला फोनची वायर असते पण ती बंद पडली तर दोराचे झटके. आम्ही वापरायचो त्या खुणांमध्ये डायव्हर तळावर असताना वरून एक झटका म्हणजे ठीक आहेस ना, खालून एक झटका म्हणजे मी ठीक आहे. वरून चार झटके म्हणजे वर ये. आणि मिळालेली खूण कळली हे सांगायला खालच्याने तेवढेच झटके परत द्यायचे, नाहीतर वरच्याला कसं कळणार की पोचलं म्हणून.

आता सांगा, तुमचे सुविचारी तात्या, फोन बंद पडला, हातात फक्त दोर. काय बोलतील?

अर्धविराम:

@दोरखंड साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून उठून फेऱ्या मारून आलो. हे खूण परत द्यायचं मला माहीतच नव्हतं आणि सगळं त्यातच आहे. म्हणजे बघा, घनदाट म्हणतात तसं तात्या जिवावरच्या बाबतीत चूक. फोन बंद. तात्या घाबरतात, कारण मागे एकदा ते स्वतः घाईत वर आले होते आणि त्यांचा जोडीदार खालीच राहिला होता (हे आता सुचलं, आधी खांद्याचं काहीच नव्हतं). म्हणून ते लवकर, गरज नसताना चार झटके देतात. खाली रेवाला दिसतंय की अडकलेला माणूस अजून दोन मिनिटांत सुटतोय. तिने चार परत द्यायला हवेत. ती एकच देते.

मग वर तात्या काय करतात ते अजून ठरत नाहीये. ओढून काढतील का? दोर त्यांच्या हातात आहे. की शाईचा_डाग म्हणतात तसं कोणीतरी त्यांना धरेल?

घनदाट:

बास, आता तात्यांना मारायचं नाव काढू नका. (कोरा_कागद, हे तुम्हाला.)

ओढायला सुरुवात करू दे. पहिला हातभर दोर ओढू दे आणि मग खांद्यातून कळ येऊ दे नाहीतर खालून परत एक झटका येऊ दे, पण थांबायचा निर्णय तात्यांचा असू दे. तो त्यांचा प्रसंग. रेवाचा प्रसंग तिने एक झटका दिला तिथेच होऊन गेलाय. दोघांना एकेक मिळाला.

वाचनवेडी:

हे फार सुंदर जमतंय. आता तो सुविचारांचा प्रश्न राहिला. एखादा नमुना टाका ना इथे, म्हणजे काय ते बघता येईल.

अर्धविराम:

हसू नका. पहिल्यांदा खोल उतरायच्या आधीचा प्रसंग:

"तात्या क्षितिजाकडे बघत म्हणाले, 'रेवा, भीती ही पाण्यासारखी असते. तिच्याशी झगडलीस तर बुडशील, तिला आपलंसं केलंस तर तीच तुला तारेल.' रेवाच्या डोळ्यात पाणी तरळलं."

वाचनवेडी:

नाही हसले. (थोडी हसले.) अहो हे वाक्य वाईट नाहीये, पण हे कुठल्याही तात्यांनी कुठल्याही रेवाला कुठल्याही कथेत म्हटलं असतं. डायव्हरने म्हटल्यासारखं नाही वाटत, भिंतीवरच्या कॅलेंडरने म्हटल्यासारखं वाटतं. आणि रेवाला त्यात काही करायलाच नाही, डोळ्यात पाणी आणण्याशिवाय. मी असं काहीतरी केलं असतं, दोरखंड चुका काढतीलच:

"तात्यांनी तिच्या हार्नेसचं बक्कल ओढून बघितलं. मग परत एकदा ओढून बघितलं. 'सुरी?' रेवाने उजव्या पोटरीला हात लावून दाखवला. 'उजवा हात अडकला तर?' ती थांबली. वाकली, सुरी सोडवून छातीवरच्या पट्ट्याला लावली आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या हाताने काढून बघितली. तात्या तोवर दोराकडे वळले होते."

भीती दोघांनाही आहे, पण शब्द कुठेही नाही. बक्कल दुसऱ्यांदा ओढलं त्यात तात्यांची आली. गुरू सांगत नाही, प्रश्न विचारतो, उत्तर ती हाताने देते. शाबासकी मिळत नाही त्यामुळे तिला ती हवीशी वाटत राहते, म्हणजे पुढचं प्रकरण चालायला इंधन पण मिळालं. आणि पुढे तात्यांची दोन वेळा बघायची ही सवयच त्यांना शेवटी चार झटके द्यायला लावते असं केलंत तर अजून छान, म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण त्यांच्यावर प्रेम करत होतो तीच आडवी आली.

तुमचे सगळे सुविचार काढू नका हं, एक ठेवा. पण तो रेवाच्या तोंडी द्या, चुकीच्या ठिकाणी, आणि तात्यांना म्हणू दे की हे मी कधी म्हणालो?

मोरपीस२२:

"हे मी कधी म्हणालो" 😂 माझ्या डोळ्यासमोर आले तात्या.

एक शंका, लेखक म्हणून नाही वाचक म्हणून विचारते. असं सगळं कोरडं करत गेलं तर ज्यांना तात्या आवडले होते ते नाराज नाही होणार? मला स्वतःला गोष्टीतले शहाणे म्हातारे आवडतात, त्यांचं बोलणं आवडतं, मी वहीत उतरवून ठेवते. प्रत्येक गुरूला काहीतरी काळं हवंच, खोटं बोलायलाच हवं, हा पण आता एक साचाच झाला की.

शाईचा_डाग:

हा प्रश्न योग्य आहे. साचा होतोच. गुरू चूक निघतो हे आता इतकं झालंय की नवीन गोष्टीत प्रेमळ म्हातारा दिसला की आपण तो कधी दगा देतोय याची वाट बघत बसतो. आणि उलट उदाहरणं पण आहेत. पंचतंत्रातले विष्णुशर्मा, राजाची तीन मठ्ठ पोरं सहा महिन्यांत तयार करून देतो म्हणतात आणि देतात, कुठे चुकत नाहीत, काळी बाजू वगैरे काही नाही. पण ते उपदेश कोणाच्या तोंडून करतात? कोल्ह्यांच्या, कावळ्यांच्या, कासवाच्या, आणि त्यातले बरेचसे लबाड किंवा फसलेले. स्वतः मागे राहतात. आणि जांबवान! हनुमान गप्प बसलाय समुद्राकाठी, बाकी वानर मी इतका उडेन मी तितका उडेन चाललंय, आणि म्हातारा येऊन त्याला काही नवीन शिकवत नाही, तू कोण आहेस आणि लहानपणी काय केलं होतंस एवढंच आठवण करून देतो. निव्वळ बोलणं, सगळं खरं, सगळं गोड, आणि तरी गोष्ट हनुमानाचीच राहते. का, तर बोलणं एकदाच आहे आणि त्यानंतर लगेच उडी आहे. जांबवान दर प्रकरणात आठवण करून द्यायला लागला असता तर?

तेव्हा @मोरपीस२२, वहीत उतरवायला एक जागा असू द्यावी असं मलाही वाटतं. अर्धविराम, कुठे ते तुम्ही बघा, पण त्याच्या पुढच्या वाक्यात रेवा पाण्यात असली पाहिजे.

अर्धविराम:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिलं प्रकरण पूर्ण नव्याने लिहितोय, त्यात तात्या तिला तीनदा परत पाठवतात आणि डोळ्यातला समुद्र गेला. तात्या जिवंत. @कोरा_कागद, सॉरी.

एकच विचारायचंय दोरखंडना, वरून चार झटके आल्यावर खालून एकच परत देणं हे प्रत्यक्षात होऊ शकतं का, की जाणकार वाचक पुस्तक फेकून देईल?

कोरा_कागद:

जोडीदार मारलात ना पण मागच्या कथेत. चालेल.

दोरखंड:

होऊ शकतं. माणूस आहे, खाली काय दिसतंय ते त्यालाच माहीत. फक्त दोन गोष्टी लिहा. एक, वरच्याला असं उलटं उत्तर आलं की तो पहिल्यांदा समजतो खूण नीट पोचली नाही, दोर कुठेतरी घासतोय किंवा अडकलाय, म्हणून तो तेच चार परत देणार. तेव्हा तिने तो एक झटका दोनदा द्यायला हवा, पहिल्यांदा गैरसमज, दुसऱ्यांदा कळलं. आणि दोन, वर बोलावल्यावर न येणाऱ्या डायव्हरला, माणूस वाचवला असला तरी, दुसऱ्या दिवशी कामावर कोणी घेत नाही. तात्यांनी पण नाही घेतलं पाहिजे. ते प्रकरण टाळू नका.